कॅसेटसारखंच हवं असेल तर घरी बसा

मागच्या अंकात मी ईगल्स या अमेरिकन बँडच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या १९९४ वाल्या अकूस्टिक, म्हणजे साध्या, बिनविजेच्या गिटारवरच्या, अवताराबद्दल दोन शब्द चांगले काय लिहिले, या महिन्यातली निम्मी पत्रं त्यावरच आलीत. शिव्या कमी, हळहळ जास्त. तर तिथूनच सुरू करते, बाकीचे प्रश्न जमतील तसे घेऊ.

प्रश्न: सर, मी कॉलेजपासून रॉक ऐकतोय. 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा शेवटचा इलेक्ट्रिक सोलो म्हणजे गिटारमधला शेवटचा शब्द, आणि तुम्ही त्या अकूस्टिक व्हर्जनचं कौतुक करता! माणूस पैसे मोजून शोला जातो ते आवडतं गाणं जसं ऐकलंय तसं समोर ऐकायला. तसं वाजवता येत नसेल तर स्टेजवर चढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: सर नाही हो, ताई. मावशी म्हणालात तरी राग नाही. रॉकवर लिहितंय म्हणजे सरच असणार हे धरून चालायची लोकांना सवय आहे, मला आता त्याचं काही वाटत नाही.

सोलोवरून भांडण नाहीच. डॉन फेल्डर आणि जो वॉल्श हे ईगल्सचे दोघं गिटारवाले आधी आळीपाळीने वाजवतात आणि मग दोघं जोडीने सूर धरून उतरत येतात, ते ऐकताना अजूनही माझ्या हातातलं काम थांबतं. पण तो सोलो झाला कसा ते माहितीय का? फेल्डरनेच सांगितलंय ते. त्याने घरी डेमो टेप करून ठेवली होती, तेव्हा जे सुचलं ते वाजवून टाकलेलं. नंतर मायामीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करताना तो आणि वॉल्श नव्याने काहीतरी वाजवायला लागले तर बँडचा गायक डॉन हेन्ली याने त्यांना थांबवलं, म्हणे हे डेमोसारखं नाहीये. आता डेमो तर कॅलिफोर्नियात घरी. मग या पठ्ठ्याने घरी फोन लावला, घर सांभाळणाऱ्या बाईंना ती कॅसेट शोधायला लावली, टेपमध्ये घालून फोनचा रिसीव्हर समोर धरायला लावला आणि स्वतःचंच वाजवणं फोनवरून ऐकून परत बसवलं! म्हणजे तुम्ही ज्याला शेवटचा शब्द म्हणताय तो मुळात एकट्याने घरी बसून सहज वाजवलेला होता, हेन्लीच्या हट्टापायी तो तिथेच गोठला. तो हट्ट बरोबर होता का? रेकॉर्डसाठी होता, शंभर टक्के. पण पुढे जन्मभर प्रत्येक स्टेजवर तेच सूर त्याच क्रमाने वाजवायचे हे मला नाही पटत, आणि ईगल्स नेमके त्याच शिस्तीसाठी प्रसिद्ध आहेत.

मला खरं आश्चर्य वाटतं ते आपल्या लोकांचं. सवाईला जाऊन आपण कधी म्हणतो का, बुवा, कॅसेटमध्ये ही तान इथे नव्हती? उलट बुवांनी तोच यमन मागच्या वर्षीसारखाच गायला तर घरी येताना आपण नाक मुरडतो. नाट्यगीताला वन्स मोअर मिळाला की तेच पद नव्या जागा घेऊन गायचं ही आपली रीत. आणि तेच आपण रॉकच्या शोला गेलो की एकदम हिशोबनीस होतो, इथे एक बार कमी झाला, तिथे ती ओळ खाल्ली.

आता ते १९९४ चं व्हर्जन. परत ऐका, पण भांडायच्या तयारीने नको. शेवटची जुगलबंदी जवळपास तशीच आहे, फक्त अकूस्टिक गिटारवर, त्यामुळे तुमची तक्रार तिथे तशीही टिकत नाही. नवीन आहे ती सुरुवात. स्पॅनिश वळणाचं गिटार चालू होतं, मग हाताने वाजवायचे ड्रम येतात, आणि समोर बसलेल्या लोकांना बराच वेळ कळतच नाही हे कुठलं गाणं आहे. मग ओळखीचे कॉर्ड्स येतात आणि सगळे ओरडतात. ती आरोळी रेकॉर्डमध्ये आलीय. मूळ गाण्याला हे करता येणार नाही, कारण पहिल्या सेकंदालाच आपल्याला कळलेलं असतं.

आणि 'तसं वाजवता येत नसेल तर' म्हणालात म्हणून सांगते. १९६६ च्या मे महिन्यात मँचेस्टरला बॉब डिलन इलेक्ट्रिक बँड घेऊन उभा राहिला तर प्रेक्षकांतून एकजण 'जूडास' म्हणून ओरडला, म्हणजे विश्वासघातकी. साधी गिटार घेऊन एकटा गाणारा डिलन हवा होता त्यांना. त्या शोचं चोरटं रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावाने फिरत होतं. आज डिलनच्या चाहत्याला विचारा, त्या दौऱ्यातलं एक टेप ठेव म्हटलं तर कुठलं ठेवशील, बहुतेकजण हेच सांगतील, आरोळीसकट.

प्रश्न: लाइव्ह अल्बम खरंच लाइव्ह असतात का? माझा मित्र म्हणतो सगळं नंतर स्टुडिओत दुरुस्त करतात. आणि असतील तर सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: मित्र निम्मा बरोबर आहे. किस या बँडचा १९७५ चा 'अलाइव्ह!' ज्याने तो बँड वर आणला, त्यात स्टुडिओत बरंच नंतर भरलंय हे त्यांनीच पुढे कबूल केलं. थिन लिझीचा १९७८ चा 'लाइव्ह अँड डेंजरस' तर वादाचाच विषय, निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो बहुतेक सगळं परत वाजवून घेतलं, बँडवाले म्हणतात छे, थोडंसंच. मला दोन्ही अल्बम आवडतात, लिझीचा तर फारच. पण ते ऐकताना मी ते सिनेमासारखं ऐकते, खरं घडलेलं म्हणून नाही.

खरं घडलेलं ऐकायचं तर द हूचा 'लाइव्ह ॲट लीड्स', १४ फेब्रुवारी १९७०, लीड्स युनिव्हर्सिटीच्या कँटीनमधला. कव्हर मुद्दाम साध्या तपकिरी कागदासारखं, वर शिक्का मारल्यासारखं नाव, म्हणजे चोरट्या रेकॉर्डची नक्कल. आणि एलपीच्या लेबलवर सूचना की खरखर ऐकू येते ती ठीक आहे, दुरुस्त करू नका! ती कारखान्यातल्या लोकांसाठी होती पण मला ती सगळ्या लाइव्ह अल्बमवर छापावीशी वाटते. मूळ एलपीवर फक्त सहा गाणी, त्यातलं 'माय जनरेशन' चौदा मिनिटांच्या वर जातं. स्टुडिओतलं तेच गाणं साडेतीन मिनिटांच्या आत संपतं. आपापल्या दिशेने पळणारी तीन वाद्यं आणि मधेच कुणीतरी जुनी ओळख दिल्यासारखी एखादी धून काढतं आणि बाकीचे दोघं वळून तिच्यामागे लागतात. ते ठरवलेलं नाही हे ऐकून कळतं.

आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे डीप पर्पलचं 'मेड इन जपान'. ऑगस्ट १९७२, ओसाका आणि टोकियो. बँडला हे करायचंच नव्हतं मुळात, जपानी कंपनीला त्यांच्या देशासाठी हवा होता म्हणून झाला. मिक्सिंगलासुद्धा पाचपैकी रॉजर ग्लोव्हर आणि इयन पेस एवढेच गेले. आणि इतक्या बेफिकिरीने केलेली गोष्ट पन्नास वर्षांनी लोक डोक्यावर घेऊन नाचतायत. 'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं, इथे एलपीची एक अख्खी बाजू, वीस मिनिटांच्या आसपास. जॉन लॉर्डचा ऑर्गन त्यात एका जागी असा घरघरतो की तुम्हाला वाटतं टेप बिघडली. रेकॉर्डिंग केलं मार्टिन बर्चने, तोच माणूस पुढे १९८१ पासून १९९२ पर्यंत आयर्न मेडनचे अल्बम करत होता. हा अल्बम हेडफोनवर ऐकू नका. खोलीत, मोठ्याने, शेजारी गावाला गेल्यावर.

लेड झेपेलिनच्या बाबतीत एक सावध सूचना. १९७६ चा 'द साँग रिमेन्स द सेम' पहिला घेऊ नका. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला आहे, त्यात 'डेझ्ड अँड कन्फ्युज्ड' सव्वीस मिनिटांच्या वर आहे आणि सगळी मिनिटं सारख्या तोलाची नाहीत. बदल करायचा म्हणजे नुसतं लांबवायचं नाही ना. त्यापेक्षा २००३ मध्ये आलेला 'हाउ द वेस्ट वॉज वन' घ्या, १९७२ च्या उन्हाळ्यातले कॅलिफोर्नियातले शो आहेत, तिथे ते चौघं खरंच भुकेले वाटतात.

प्रश्न: ताई, आजकाल बँड लॅपटॉपवर अर्धं गाणं चालवतात आणि वर नुसतं नाचतात. हे फसवणूक नाही का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: टेप वापरली म्हणजे लगेच फसवणूक असं मी नाही म्हणणार. क्वीनने 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा मधला ऑपेराचा भाग स्टेजवर गायचा प्रयत्नच सोडून दिला होता, आवाजावर आवाज चढवून केलेली ती गोष्ट चौघांना समोर करणं शक्यच नाही. मग ते काय करायचे? सरळ स्टेज सोडून आत जायचे! लाइट चालू, टेप चालू, माणसं गायब. आणि मग जोरदार गिटारचा भाग आला की चौघं परत. याच्याइतकं प्रामाणिक काय असेल. (त्यांचे १९८० च्या आधीचे बरेच अल्बम बघ, सिंथेसायझर वापरलेला नाही असं अभिमानाने छापलेलं असायचं.)

द हूनेही 'बाबा ओ'रायली'ला सिंथेसायझरची टेप लावली, कीथ मून कानाला हेडफोन लावून तिच्या बरोबरीने ड्रम वाजवायचा, आणि मूनला ठेक्याला बांधून ठेवणं म्हणजे काय ते त्याचं वाजवणं ऐकलं असशील तर कळेल. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूकॅसलला त्यांच्या 'क्वाड्रोफेनिया' या अल्बमच्या टेपा घोटाळल्या तर पीट टाउनशेंड भर शोमध्ये साउंडवाल्याच्या अंगावर गेला आणि यंत्रं तोडली. वागणं वाईटच, त्या बिचाऱ्याचा काय दोष. पण त्यातून हे कळतं की टेप वापरूनही तिथे काहीतरी पणाला लागलं होतं, बिघडलं तर सगळ्यांना दिसत होतं.

माझी कसोटी एवढीच. आज रात्री समोर काही चुकू शकतं का? चुकू शकत असेल तर ते लाइव्ह, मग टेप असो नसो. गायकाचा मुख्य आवाजच टेपवर असेल आणि माइक नुसता हातात धरायला, तर काही चुकूच शकत नाही, मग मी का जाऊ? तू म्हणतेस तो प्रकार मीही एका मोठ्या मैदानावर बघितलाय, गायकाने माइक खाली घेतला आणि आवाज वरच राहिला. कुणाचं नाव नाही घेत, लोक मात्र टाळ्याच वाजवत होते.

प्रश्न: माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. रॉक आवडतं पण निम्मे शब्द कळत नाहीत, मित्र हसतात. शब्द न समजता ऐकलेलं गाणं ऐकलं असं म्हणता येईल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर: हसणाऱ्या मित्रांना एक गोष्ट सांग. १९६३ मध्ये किंग्जमेन नावाच्या बँडने 'लूई लूई' म्हणून गाणं केलं. त्यात काहीतरी अश्लील आहे अशी अमेरिकेतल्या आईबापांना शंका आली, तक्रारी थेट एफबीआयकडे गेल्या. एफबीआयने रेकॉर्ड वेगवेगळ्या वेगाने वाजवून बघितली, लांबलचक चौकशी केली, आणि निष्कर्ष काय तर शब्द कळत नाहीत. ही त्यांची मातृभाषा! तेव्हा तू निर्धास्त ऐक.

पण शब्द कळले की काय होतं तेही सांगते, कारण शब्दांना काही किंमत नाही असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए', १९८४. नुसता आवाज ऐकला तर झेंडा घेऊन निघालेली मिरवणूक वाटते, धाडधाड ड्रम, सिंथेसायझरची ती तुतारीसारखी धून, आणि घसा फोडून देशाचं नाव. शब्द मात्र व्हिएतनामहून परत आलेल्या माणसाचे आहेत, कारखान्यात नोकरी नाही, सरकारी ऑफिसातून हात हलवत परत पाठवलंय, भाऊ तिकडेच गेला. त्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात न्यू जर्सीतल्या हॅमंटन गावी रेगनसाहेबांनी स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं, म्हणाले याच्या गाण्यांत आशेचा संदेश आहे. काही दिवसांनी पिट्सबर्गच्या शोमध्ये स्प्रिंगस्टीनने स्टेजवरून विचारलं, राष्ट्राध्यक्षांचा आवडता अल्बम कुठला असेल बरं, 'नेब्रास्का' नसावा. आणि 'जॉनी ९९' वाजवलं, म्हणजे कारखाना बंद पडून नोकरी गेलेल्या आणि हातून खून झालेल्या माणसाचं गाणं. टोमणा मारावा तर असा.

आता गंमत बघ. हेच 'बॉर्न इन द यूएसए' त्याने आधी १९८२ मध्ये घरी, एकटं गिटार घेऊन, चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर रेकॉर्ड केलं होतं, 'नेब्रास्का'ची गाणी केली त्याच वेळी. ते १९९८ मध्ये 'ट्रॅक्स' या संचात बाहेर आलं. दबक्या आवाजातलं, भुतासारखं. ते ऐकून कुणीही मिरवणूक काढणार नाही. नव्वदच्या दशकात तो एकट्याने दौरा करायचा तेव्हा हे गाणं असंच काहीतरी कोरडं, खरवडल्यासारखं वाजवायचा. स्टेडियमवाले चाहते म्हणणार हे आमचं गाणं नाही. मी म्हणते इतक्या वर्षांनी लोकांना ते गाणं नीट ऐकायला मिळालं.

तर पद्धत अशी ठेव. आधी दहा वेळा नुसतं ऐक. मग शब्द वाच, शब्दकोश घेऊन बस, लाज कसली. मग परत ऐक. पिंक फ्लॉइडपासून सुरू कर, रॉजर वॉटर्सचे शब्द साधे आणि उच्चार स्वच्छ असतात. आयर्न मेडनचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' घे, तेरा मिनिटांचं आहे, कोलरिजच्या जुन्या कवितेवर बेतलेलं, एक खलाशी उगाच एका पक्ष्याला मारतो, मग जहाजावर सगळ्यांची पाण्यावाचून दैना होते आणि तो सोडून बाकीचे मरतात. कविता नंतर वाचलीस तर बीएच्या इंग्लिशवाल्यांपेक्षा तुला जास्त कळेल, पैज लावते.

प्रश्न: लेड झेपेलिनने मुंबईत रेकॉर्डिंग केलं होतं म्हणतात, ती थाप आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: थाप नाही. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानचा दौरा आटोपून जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईला आले होते, आणि इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी परत केली. वादकांची बाजू विजय राघव राव यांनी सांभाळली. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबमध्येही दोघं वाजवून गेले. ती टेप चाळीसहून जास्त वर्षं पडून होती, २०१५ मध्ये त्यांचा 'कोडा' हा जुना अल्बम नव्याने काढला तेव्हा त्यात अधिकृतपणे आली. 'फोर स्टिक्स' हे नाव पडलं कारण त्यांचा ड्रमर जॉन बॉनम दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन वाजवायचा. मुंबईच्या टेपमध्ये बॉनम नाहीच, तबला आहे, आणि त्याचं नाव ठेवलं 'फोर हँड्स'! ऐका आणि ठरवा. मला 'फ्रेंड्स' चांगलं वाटतं, दुसरं जरा अडखळतं, पण अडखळतं म्हणूनच जिवंत आहे.

त्याच्याही आधी, १९६८ च्या जानेवारीत, बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत येऊन गेला, 'वंडरवॉल म्युझिक' या अल्बमसाठी, आणि जाता जाता बीटल्सच्या 'द इनर लाइट'चं वादनही इथेच रेकॉर्ड करून घेऊन गेला. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि तिथे द हेक्टिक्स नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा हे तर आता पाचगणीचा टॅक्सीवालाही सांगतो.

प्रश्न: माझा १७ वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच मोठ्या रॉक शोला जाणार आहे. गर्दीची भीती नाही, कानांची आहे. तो म्हणतो कानात बोळे घालून कुणी रॉक ऐकतं का.
— एक आई, डोंबिवली

उत्तर: त्याला म्हणावं, वाजवणारे घालतात! टाउनशेंडच्या कानांची वाट लागली, एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं दौरा थांबव नाहीतर बहिरा होशील, उरलेले शो ॲक्सल रोझने केले. हिशोब साधा आहे हो. ८५ डेसिबलला आठ तास चालतात असं धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पाव तास. रॉक शो सहज तिथे पोचतो आणि दोन तास चालतो.

कापूस नको, त्याने काही होत नाही. फोमचे इअरप्लग स्वस्त असतात पण वरचे सूर जास्त कापतात, सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं होतं, मग मुलं काढून टाकतात. म्युझिशियन लोकांसाठी फिल्टरवाले मिळतात ते घ्या, थोडे महाग, पण आवाज सगळीकडे सारखा कमी होतो. मी गेली कित्येक वर्षं तेच वापरते आणि उलट गाण्याचे शब्द जास्त कळतात. स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहू नकोस, साउंड डेस्कच्या आसपास उभा राहा असं सांगा त्याला, मिक्स तिथलाच धरून केलेला असतो. आणि उशिरा येईल म्हणून काळजी नको, उघड्यावर दहाच्या पुढे लाउडस्पीकर चालत नाही, २०२३ मध्ये पुण्यात ए. आर. रहमानचा शोसुद्धा पोलिसांनी दहाला थांबवला होता. ट्रॅफिकचं मात्र मी काही सांगू शकत नाही.

प्रश्न: मुलगी सगळं शफलवर ऐकते. अल्बम सलग ऐक म्हटलं की 'बाबा, इट्स जस्ट साँग्ज'. काय उत्तर देऊ?
— एक बाबा, न्यू जर्सी

उत्तर: वाद घालू नका, गाडीत पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर' लावा, १९७५ चा. 'हॅव अ सिगार' संपत येतं तेव्हा अख्खा बँड एकदम आकसून छोट्या रेडिओतून आल्यासारखा वाटायला लागतो, मग कुणीतरी स्टेशन फिरवतं, खरखर, बोलणं, आणि मग लांबून एक गिटार, त्याच रेडिओतून आल्यासारखी. आणि मग जवळ, अगदी खोलीत, दुसरी गिटार तिला साथ द्यायला लागते, डेव्हिड गिलमोर खोकतो तेही ऐकू येतं. शफलवर ही खोली उघडतच नाही, कारण दार आधीच्या गाण्यात आहे. ॲडेलने सांगितल्यावर २०२१ मध्ये स्पॉटिफायने अल्बम उघडला की आपोआप शफल होणं बंद केलं, म्हणजे मुलीच्या आवडत्या लोकांचंही मत आपल्यासारखंच आहे म्हणायचं. एलपी घ्यावी का हेही विचारलंत, परवडत असेल तर घ्या, पण एलपीने कान सुधारत नाहीत.

प्रश्न: आता येणारे बँड सगळे सत्तरीतले. आवाज राहिलेला नाही. एवढं तिकीट काढून जावं का?
— एक वाचक, अमरावती

उत्तर: कोण आहे त्यावर. डीप पर्पलचा गायक इयन गिलन, त्याचा जन्म १९४५ चा. 'चाइल्ड इन टाइम'मधल्या त्या किंकाळ्या आता होत नाहीत म्हणून पर्पलने ते गाणं वाजवणंच कित्येक वर्षं झाली सोडून दिलंय, मला हे आवडतं, अर्धवट गाऊन लोकांकडून माइकवर किंकाळ्या मारून घेण्यापेक्षा बरं. जेनेसिसच्या २०२१-२२ च्या शेवटच्या दौऱ्यात फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायला, ड्रमवर त्याचा मुलगा. बघताना वाईट वाटतं, पण लपवाछपवी काही नाही. आयर्न मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन जिभेच्या आणि घशाच्या कॅन्सरमधून उठून २०१६ मध्ये परत दौऱ्यावर आला, १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत बीकेसीला ज्यांनी मेडन बघितला, त्यांच्या त्या जगभरच्या दौऱ्याचा तो पहिलाच शो, त्यांना विचारा हा माणूस काय चीज आहे. त्या दौऱ्यात बँडचं विमानही तोच चालवत होता. तरुणपणचा आवाज ऐकायला जाणार असाल तर जाऊ नका. आज तो माणूस त्या गाण्याचं काय करतो हे बघायचं असेल तर कर्ज काढून जा. बरं, कर्ज नको, पण जा.

प्रश्न: ताई, कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवतोय. मी गिटारवर. सोलो रेकॉर्डसारखा तंतोतंत बसवू का आपला वाजवू? सर म्हणतात तंतोतंतच पाहिजे.
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर: आधी रिफ बघ, म्हणजे ती सुरुवातीची ओळखीची धून, सोलो नंतर. जगातली निम्मी मुलं तो रिफ पिकने खालून वर आणि वरून खाली खरवडत वाजवतात. डीप पर्पलचा गिटारवाला ब्लॅकमोर दोन तारा बोटांनी एकदम उचलतो, म्हणून तो तसा गोल आणि जड लागतो. गाण्याची हकीकतही टीमला सांग, ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमध्ये माँट्रोला फ्रँक झॅपाच्या शोमध्ये आग लागून कसिनो जळाला, पर्पल तिथेच रेकॉर्डिंग करणार होते, मग शेवटी एका बंद हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून 'मशीन हेड' केला. हे माहीत असलं की गायकाला शब्द पाठ करावे लागत नाहीत.

आता सोलो. तंतोतंत बसव, नक्की बसव, हात तयार व्हायला दुसरा मार्ग नाही, यात तुझ्या सरांचं बरोबर आहे. पण मग 'मेड इन जपान'वरचं हेच गाणं ऐक. सुरुवातीचा रिफसुद्धा ब्लॅकमोर तिथे सरळ वाजवत नाही, लोकांच्या टाळ्यांशी खेळत, तोडून तोडून देतो, आणि शेवटी तो आणि लॉर्ड एकमेकांना चिमटे काढत बसतात. स्वतःचा सोलो ज्याने स्वतःच पाळला नाही तो तू कशाला पाळतोस? आणि पुढे १९९५ मध्ये पर्पल मुंबईत अंधेरीला आले तेव्हा ब्लॅकमोर बँडमध्येच नव्हता, स्टीव्ह मोर्स नवीनच आलेला, गर्दीत माझ्या मागे एकजण प्रत्येक सोलोला पुटपुटत होता 'तसं नाहीये, तसं नाहीये'. त्या शोची रेकॉर्ड 'बॉम्बे कॉलिंग' नावाने मिळते, मोर्सने काय केलं ते तूच ऐक.

म्हणून असं कर. पहिली ओळ रेकॉर्डमधलीच वाजव, म्हणजे सरांचा जीव भांड्यात पडेल. तिथून पुढे तुझं तू. चुकलास तर तीच चूक मुद्दाम परत एकदा वाजव, लोकांना वाटेल बसवलेली आहे. फक्त बेसवाल्याला आणि ड्रमरला आधी सांगून ठेव की सोलो किती बारनंतर संपवणार आणि संपवताना मान कशी हलवणार, नाहीतर गायक मधेच तोंड उघडेल आणि तू अजून वाजवतच असशील.